तार लातूरला पोचली

२३ फेब्रुवारी २०२३ रोजी औसा रोड ते लातूर रोड हा ५२ किलोमीटरचा टप्पा विजेवर आला आणि मध्य रेल्वेचा एकही ब्रॉडगेज मार्ग विजेविना उरला नाही. एकूण ३,८२५ किलोमीटर. रेल्वेच्या इतिहासात रमणाऱ्या माणसाला ही बातमी वाचताना लगेच दुसरी तारीख आठवते: ३ फेब्रुवारी १९२५. त्या दिवशी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते बोरीबंदर ते कुर्ला अशी हार्बर मार्गावरची विजेची गाडी सुरू झाली. भारतातली ती पहिली. ती चालवणाऱ्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेचीच पुढे मध्य रेल्वे झाली. एकाच रेल्वेची पहिली तार मुंबईत लागली आणि शेवटची लातूरच्या माळावर. मध्ये ९८ वर्षं गेली.

इतका उशीर का झाला, याचं एक उत्तर सरळ आहे. विजेची तार महाग असते, म्हणून ती आधी गर्दीच्या आणि चढाच्या मार्गांवर जाते. मुंबईत लोकलची गर्दी होती, बोरघाटात आणि थळघाटात चढ होता. त्यामुळे १९३० सालच्या जूनमध्ये डेक्कन क्वीन विजेवर पुण्याला जाऊ लागली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तार मनमाडला आली आणि तिथून भुसावळकडे वळली. मराठवाड्याची लाइन ज्या मनमाडला फुटते, त्याच स्टेशनावर तार आली होती आणि अर्धशतक तिथेच थांबली. नांदेडच्या गाड्यांना मनमाडला इंजिन बदलावं लागे. डिझेल काढायचं, विजेचं जोडायचं, ब्रेक तपासायचे. प्रवासी तोवर फलाटावर चहा घेत. देवगिरी किंवा तपोवन एक्स्प्रेसने मुंबईला जाणाऱ्यांना हा खोळंबा प्रवासाचाच भाग वाटत आला.

दुसरं उत्तर जास्त जुनं आहे आणि ते रुळांच्या रुंदीत सापडतं.

मराठवाड्यात एके काळी तीन मापांचे रूळ होते. निजामाच्या रेल्वेने १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद अशी मीटरगेज लाइन टाकली. तिच्यावर औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड ही गावं आली. विकाराबादहून बिदर, लातूर रोडमार्गे परळीपर्यंत त्याच रेल्वेची ब्रॉडगेज आली, तर परळी-परभणी तुकडा मीटरगेज राहिला. आणि लातूर शहरात १९११ साली आली ती तिसरीच गाडी, बार्शी लाइट रेल्वे. रूळ फक्त ७६२ मिलिमीटर अंतराचे. नांदेडहून लातूरला एका डब्यात बसून जाणं तेव्हा शक्यच नव्हतं. मालाचीही तीच तऱ्हा: ज्वारीचं पोतं असो की सरकीचं, माप बदललं की हमालांनी ते उतरवायचं आणि दुसऱ्या वाघिणीत भरायचं.

बार्शी लाइटला लोक खेळण्यातली गाडी म्हणत असतील, पण डबे-इंजिनांच्या जागतिक इतिहासात तिची जागा मोठी आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा तिचा इंग्रज अभियंता. लहान गाडी म्हणजे मोठ्या गाडीची छोटी नक्कल, हा समज त्याने मोडून काढला. त्याचा हिशेब असा होता: इंजिन असो की वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. मग रूळ हलके चालतात आणि गरीब मुलखातही रेल्वे परवडते. म्हणून लीड्सच्या किटसन कारखान्याने त्याच्यासाठी चालकचाकांच्या चार जोड्यांचं इंजिन बनवलं, म्हणजे वजन पसरून पडावं. डब्यांचे सांगाडे दाबून घडवलेल्या पोलादाचे होते. भारतात आणण्याआधी, १८९४ मध्ये, लीड्सजवळ न्यूले इथे खास रूळ टाकून त्याने हा सरंजाम तज्ज्ञांना चालवून दाखवला. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी गाडी सुरू झाली. पुढे ती एका बाजूला लातूरला, दुसऱ्या बाजूला पंढरपूरमार्गे मिरजेला पोचली. १९५४ मध्ये ती सरकारच्या ताब्यात आली. लातूरचं माप बदललं ते २००७-०८ मध्ये.

हे माप बदलणं झाल्याशिवाय विजेची तार टाकण्यात अर्थ नव्हता. नांदेडच्या बाजूचं काम १९९० च्या दशकात सुरू झालं आणि पूर्णा-अकोला मार्ग धरून ते २००८ पर्यंत चाललं. मराठवाड्याची पुष्कळ वर्षं रूळ रुंद करण्यात गेली, तार त्यानंतर आली. मागासलेपणाची चर्चा आपण नेहमी सिंचनाच्या आकड्यांनी करतो. ती रुळांच्या मापानेही करायला हवी.

रुंद झालेल्या रुळांची किंमत लातूरकरांना एप्रिल २०१६ मध्ये कळली. मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे दहा टाक्यांमध्ये सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन १२ एप्रिलला पहाटे लातुरात शिरली. ती डिझेल इंजिनाने ओढली होती, कारण त्या मार्गावर तार नव्हती. आणि मिरज-लातूर मार्ग नॅरोगेजच राहिला असता, तर ती गाडी आलीच नसती.

आता ती तार जवळून पाहू. नांदेडच्या फलाटावर उभं राहून मान वर केली, तर दोन तारा दिसतात. वरची झोळ घेतलेली, खालची सरळ ताणलेली. खालच्या तांब्याच्या तारेला इंजिनाचा पेंटोग्राफ घासत जातो. तिच्यात २५ हजार व्होल्टचा दाब असतो. ही तार रुळाच्या मधोमध सरळ जात नाही. एका खांबाशी ती मध्यापासून वीसेक सेंटिमीटर डावीकडे, पुढच्या खांबाशी तितकीच उजवीकडे असते. सरळ असती तर पेंटोग्राफवरची कार्बनची पट्टी एकाच जागी झिजून तिला खाच पडली असती. काही खांबांना लोखंडी चकत्यांची चळत कप्पीवर लटकलेली असते. लातूरच्या मे महिन्यात तांबं तापून लांबतं, तेव्हा चकत्या खाली उतरतात, थंडीत वर चढतात, आणि तारेचा ताण तेवढाच राहतो. ठरावीक अंतराने तारेत एक मृत तुकडा येतो, कारण पुढची वीज दुसऱ्या उपकेंद्राची असते. तिथे लोको पायलट इंजिनाचा मुख्य स्विच उघडून वीज तोडतो आणि गाडी वेगाच्या जोरावर पुढे सरकते.

असे तपशील ज्यांना तोंडपाठ आहेत, ती रेल्वेवेडी मंडळी नांदेड, परभणी, परळीच्या फलाटांवर कॅमेरा घेऊन उभी दिसतात. इंजिनावरची अक्षरं त्यांना पत्त्यासारखी वाचता येतात. डब्ल्यूएपी-७ मध्ये डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी वीज, पी म्हणजे प्रवासी गाडी. डब्ल्यूडीएम-३डी मधला पहिला डी डिझेलचा आणि एम दोन्ही कामांचा, प्रवासी आणि माल. मीटरगेजचा वाय, बार्शी लाइटच्या मापाचा झेड. त्यांचा जिव्हाळ्याचा वाद एकच: तार आली हे चांगलं झालं, पण ‘अल्को’ गेलं. अमेरिकन अल्को कंपनीच्या आराखड्यावर बनारसला बनलेली ही डिझेल इंजिनं चढावर काळा धूर सोडत आणि धडधडत जात. गाडी दिसण्याआधी आवाजावरून इंजिन ओळखता येई. डब्ल्यूएपी-७ सहा हजारांहून जास्त अश्वशक्तीचं आहे, ब्रेक लावताना वीज परत तारेत सोडतं, आणि धूर सोडत नाही. हिशेबाने पाहिलं तर वाद संपलेला आहे. पण अल्कोसाठी हळहळणाऱ्यांना नावं ठेवू नयेत. त्यांच्याच फोटोंमुळे कुठलं इंजिन कुठल्या गाडीला कधी लागत होतं, हे पुढे कळणार आहे.

तारेने मराठवाड्याला लगेच काय दिलं, तर वंदे भारत. ती गाडी डिझेलवर चालतच नाही. ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत निघाली, आणि २६ ऑगस्ट २०२५ ला ती नांदेडपर्यंत वाढली.

लातूरला मात्र याहून मोठी गोष्ट घडते आहे. शहराजवळ हरंगुळला मराठवाडा रेल्वे कोच फॅक्टरीचं भूमिपूजन ३१ मार्च २०१८ ला झालं. डब्याचा पहिला सांगाडा २५ डिसेंबर २०२० ला तयार झाला. पुढे शयनयान वंदे भारतचे १,९२० डबे बनवण्याचं कंत्राट रेल विकास निगम आणि त्याच्या रशियन भागीदारांच्या कंपनीकडे गेलं आणि त्यासाठी लातूरचा हाच कारखाना ठरला. मध्य रेल्वेची तार ज्या गावात सगळ्यात शेवटी आली, तिथे तारेवरच्या गाड्या बनणार आहेत. ही संधी लातूरच्या आयटीआयमधल्या मुलामुलींपर्यंत पोचली तरच तिचं मोल. लातूरने शिकवणीचा ‘पॅटर्न’ महाराष्ट्राला दिला. आता वेल्डिंग आणि वायरिंग शिकवण्यातही त्याने तेवढीच ईर्षा दाखवावी.

नव्या मार्गांची गोष्ट वेगळी. १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून पहिली प्रवासी रेल्वे सुटली. अहिल्यानगरला निघालेली ती गाडी डिझेलवरची डेमू होती, आणि तिच्यासाठी बीडकरांनी पिढ्यान् पिढ्या वाट पाहिली होती.

नांदेडची मीटरगेज आणि लातूरची नॅरोगेज पाहिलेली माणसं अजून आपल्यात आहेत. कुणाच्या घरी जुनं वेळापत्रक असेल, पुठ्ठ्याचं तिकीट असेल, स्टेशनावर काढलेला लग्नाच्या वऱ्हाडाचा फोटो असेल आणि त्यात मागे इंजिनाचा कोपरा दिसत असेल. तो रद्दीत जाऊ देऊ नका. मागे पेन्सिलीने गाव आणि साल लिहून ठेवा, आणि जवळच्या एखाद्या रेल्वेवेड्याला दाखवा.