पेसमेकरनंतरचा खांदा : एका कार्डाची दुरुस्ती

दरवर्षीच्या अहवालात आम्ही एका आजाराविषयी माहितीपर लेख देतो आणि तो बहुधा तज्ज्ञ डॉक्टरांकडून लिहून घेतो. यंदाचा लेख प्रशासन विभागाने लिहावा, असे विश्वस्त मंडळाने सुचविले. त्यास कारण घडले आहे. ज्या चुकीतून हा विषय निघाला, ती चूक डॉक्टरांची नसून आमच्या कार्यालयाची होती. लेखातील वैद्यकीय भाग हृदयरोग व फिजिओथेरपी विभागांनी तपासून दिला आहे.

पेसमेकर बसविलेल्या एक आजी शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी पुन्हा आमच्याकडे आल्या. हृदयाची तक्रार काहीच नव्हती. ठोके व्यवस्थित पडत होते, चक्कर येणे थांबले होते. परंतु डावा हात जुन्या लुगड्याच्या पट्टीने गळ्यात बांधलेला, आणि खांदा असा धरलेला की केस विंचरणे तर दूरच, कुशीवर वळतानाही वेदनेने झोप मोडत होती. डॉक्टरांनी हात इतके दिवस बांधून का ठेवला, असे विचारताच त्यांच्या मुलाने खिशातून आमचे डिस्चार्ज कार्ड काढून समोर ठेवले. "साहेब, तुम्हीच लिहून दिलंय. आम्ही आईला हात जरासुद्धा हलवू दिला नाही." कार्डावर छापलेले होते : 'डावा हात हलवू नये.'

डॉक्टरांच्या मूळ टिपणात वाक्य निराळे होते. 'सहा आठवडे डाव्या हाताचे कोपर खांद्याच्या वर नेऊ नये, ओझे उचलू नये. बाकीची हालचाल चालू ठेवावी.' कार्ड एका पानात बसावे म्हणून आम्ही ते आखूड केले. कागदाची बचत झाली आणि अर्थ उलटा झाला. मुदतही गळाली आणि मोकळीकही गळाली.

ही बंधने का असतात, हे कळले तर ती नेमकी पाळता येतात. पेसमेकर म्हणजे काडेपेटीहून फारसे मोठे नसलेले, काही तोळे वजनाचे यंत्र. ते बहुधा डाव्या बाजूस, गळ्याच्या हाडाखाली, त्वचेखाली छोटासा कप्पा करून ठेवतात. त्यातून निघालेली एक किंवा दोन तारा शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यांत जातात. तारेचे टोक हृदयाच्या आतल्या भिंतीला बारीक आकड्यांनी अडकवलेले किंवा स्क्रूसारखे रोवलेले असते. पुढच्या काही आठवड्यांत त्याभोवती शरीराचे स्वतःचे तंतू वाढतात आणि टोक पक्के बसते. तोवर हात झटक्याने वर गेला किंवा जड वस्तू ओढली, तर तार खेचली जाऊन टोक निसटू शकते. असेही एका रुग्णाचे झाले. किराणा दुकान चालविणाऱ्या या गृहस्थांनी दहाव्या दिवशी माळ्यावरचे पोते खाली ओढले. संध्याकाळी पुन्हा चक्कर आली आणि तारेसाठी दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावे लागले.

म्हणजे भीती निराधार नाही. मात्र ती खांद्याच्या वरच्या आणि जोराच्या हालचालीपुरती आहे. खांद्याच्या सांध्याभोवती सैलसर पिशवीसारखे आवरण असते. हात कोणत्याही दिशेला फिरतो तो त्या सैलपणामुळे. सांधा आठवडेच्या आठवडे हललाच नाही, तर हे आवरण आकसते, जाड होते आणि खांदा आखडतो. यालाच फ्रोझन शोल्डर म्हणतात. मधुमेह असलेल्यांना याचा धोका अधिक. आजींना मधुमेह होता, हे आमच्या कार्डाला ठाऊक नव्हते.

तेव्हा करावे काय? पहिल्या दिवशी झोळी बांधली असली तरी डॉक्टरांनी सांगताच ती काढावी. बोटे, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवीत राहावे. जेवावे, बटणे लावावीत, वर्तमानपत्र धरावे, बसून पोळ्या लाटाव्यात. छातीपाशी हात जोडून नमस्कार करण्यास काहीच हरकत नाही. देवळातली घंटा मात्र सहा आठवडे उजव्या हाताने वाजवावी. एस.टी.मध्ये उभे राहून वरची दांडी धरणे, दोरीवर कपडे वाळत टाकणे, मागे हात नेऊन वेणी घालणे, हापसा मारणे, भरलेली घागर किंवा नातवंड उचलणे, या गोष्टी घरातल्या दुसऱ्या कोणी कराव्यात. मोटारसायकल व ट्रॅक्टर डॉक्टरांना विचारल्याखेरीज नको. झोपताना शस्त्रक्रियेच्या बाजूच्या हाताखाली पातळ उशी घेतली की खांद्यावरचा ताण कमी होतो. डॉक्टरांची अनुमती असल्यास थोडे पुढे वाकून, उजवा हात टेबलावर टेकवून, डावा हात घड्याळाच्या लंबकासारखा सैल झुलवावा. सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीत तार जागेवर असल्याचे दिसले, की भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढण्याचा व्यायाम सुरू होतो. सूर्यनमस्कार आणि पोहणे त्याच्याही पुढे.

पहिले काही दिवस जखमेच्या जागी आणि खांद्यात ठणकणे स्वाभाविक आहे. त्यासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी वेळेवर घ्यावी. दुखते म्हणून हात आखडून धरायचा आणि आखडल्यामुळे तो अधिक दुखायचा, हे चक्र गोळी न घेतल्यानेच पुष्कळदा सुरू होते. मात्र दुकानातून कोणतीही वेदनाशामक गोळी परस्पर आणू नये. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर काही गोळ्या घातक ठरतात. यंत्राच्या जागी तेल चोळणे, शेकणे, खांदा 'मोडून' घेणे हे सर्व टाळावे. काहींना त्वचेखालचे यंत्र बोटांनी चाचपून फिरविण्याची सवय लागते. त्यानेही तारेला पीळ बसून ती ओढली जाते. कुतूहल आम्ही समजू शकतो, पण हात तिथे नेऊ नये.

फिजिओथेरपीसाठी बाहेर कोठेही गेलात तरी आधी पेसमेकरचे ओळखपत्र दाखवावे, ही विनंती आम्ही विशेष आग्रहाने करीत आहोत. दुखऱ्या खांद्यावर शॉर्टवेव्ह डायथर्मीचा शेक देण्याची पद्धत सर्वत्र आहे. पेसमेकर असलेल्या व्यक्तीला तो देऊ नये. त्याने यंत्र बिघडू शकते, तारेच्या टोकाशी हृदयाला चटकाही बसू शकतो. विजेच्या सौम्य धक्क्यांची इतर यंत्रेही हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच वापरावीत.

पुढील लक्षणे दिसल्यास तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये : जखमेला लाली, सूज, पू किंवा ताप, यंत्रावरची त्वचा ताणून चकाकणे, सबंध हात सुजणे, पुन्हा चक्कर येणे, न थांबणारी उचकी. उचकीचे अनेकांना नवल वाटते, परंतु तारेचे टोक सरकल्याची ती एक खूण असू शकते. आणखी एक गोष्ट. डाव्या खांद्यातली प्रत्येक कळ पेसमेकरच्या माथी मारू नये. छातीत दाब, घाम, धाप यांसह खांदा दुखला तर ते हृदयविकाराच्या झटक्याचे लक्षण समजून त्वरित रुग्णालय गाठावे. पेसमेकर ठोक्यांची गती सांभाळतो. झटक्यापासून तो वाचवीत नाही.

जगातला पहिला पेसमेकर १९५८ साली स्टॉकहोम येथे आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसविला गेला. तो काही तासांतच बंद पडला. पुढे वीसहून अधिक यंत्रे बदलून लार्सन २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. यंत्र तेव्हापासून कितीतरी सुधारले. रुग्णाच्या हाती घरी नेण्यास दिला जाणारा कागद सुधारण्यास आम्हाला मात्र एका आजींचा खांदा खर्ची घालावा लागला.

जुनी कार्डे आम्ही रद्द केली आहेत. नवे कार्ड दोन पानी आहे. काय करावे हे आधी, काय करू नये हे नंतर, दोन्ही चित्रांसह. वाचता न येणाऱ्या रुग्णास आणि त्याच्या घरच्या एका माणसास फिजिओथेरपिस्ट डिस्चार्जपूर्वी हालचाली प्रत्यक्ष करून दाखवितात. नवीन कार्डाचा खर्च जमाखर्चात 'छपाई व स्टेशनरी' या सदराखाली आहे आणि तो अगदी किरकोळ आहे. फिजिओथेरपिस्टच्या वेतनाचे तसे नाही. यंत्रासाठी देणगी मिळते, त्यावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते. वेतनावर पाटी कोठे लावायची, हा प्रश्न आम्हालाही सुटलेला नाही. तथापि वरील दोन रुग्णांची कागदपत्रे पुढे ठेवून आम्ही ही बाब देणगीदारांच्या विचारार्थ मांडीत आहोत.

आजींकडून पुढील उपचारांचे शुल्क घेतले नाही. पाच महिने त्या आठवड्यातून दोनदा एस.टी.ने येत होत्या. आता हात डोक्यापर्यंत जातो, केस त्या स्वतः विंचरतात. अंबाडा मात्र अजून सून घालून देते.