घास उतरू लागला, पुढे काय?

घास चावला, गिळला, की तो पोटात जातो. यात विचार करण्यासारखे काही असते, हे वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत माझ्या ध्यानीमनीही नव्हते. मग आधी भाकरी अडकू लागली, नंतर भात आणि शेवटी पाणीसुद्धा छातीत थबकू लागले. रात्री आडवे पडले की खाल्लेले अन्न उशीवर येई. दोन वर्षे आम्लपित्ताची औषधे झाली. वजन चौदा किलोंनी उतरले. आमच्या रेवदंड्याकडून मुंबईच्या खेपा घातल्यावर अखेर नाव कळले : ॲकॅलेझिया.

लाखात वर्षाला साधारण एकाला जडणारा हा विकार. अन्ननलिकेच्या भिंतीतील मज्जापेशी नष्ट होतात. त्यामुळे घास पुढे ढकलणारी लाट थांबते आणि जठराच्या तोंडाशी असलेली झडप सैल होत नाही. १६७४ मध्ये इंग्लंडच्या टॉमस विलिस यांनी अशा एका रुग्णाचे वर्णन केले आहे. देवमाशाच्या हाडाच्या काडीला स्पंज बांधून तो घास खाली ढकलत असे! १९१३ मध्ये जर्मनीत अर्न्स्ट हेलर यांनी झडपेचा स्नायू कापण्याची शस्त्रक्रिया केली. २००८ मध्ये जपानच्या हारुहिरो इनोए यांनी तेच काम तोंडातून दुर्बीण घालून केले. माझी शस्त्रक्रिया हेलर पद्धतीची.

घरी परतलो तेव्हा सारे म्हणाले, “सुटलात एकदाचे!” पण डॉक्टरांनी आधीच बजावले होते, की दार उघडले आहे, मेलेली लाट परतणार नाही. घास आता मुख्यतः आपल्या वजनानेच खाली उतरतो. म्हणून ताठ बसून, लहान घास सावकाश चावून, मध्येमध्ये पाणी पीत जेवायचे. तांदळाची भाकरी कालवणात भिजवूनच घ्यायची. लग्नाच्या पंगतीत “आता बरे झालात, घ्या की” असा आग्रह होतो. तिथे हसून नाही म्हणायला मी शिकलो.

दुसरी गोष्ट अधिक फसवी. झडप सैल केली, की जठरातले आम्ल वर चढू शकते. त्यासाठी शस्त्रक्रियेतच जठराचा भाग दुमडून आडोसा करतात. तोंडावाटे केलेल्या शस्त्रक्रियेत तो नसतो, त्यामुळे हा त्रास अधिक आढळतो. कधी जळजळ न होताही आम्ल आतून इजा करते. म्हणून आमच्याकडे रात्रीचे जेवण साडेसातला आटोपते, तीन तास आडवे व्हायचे नाही आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या आहेत. गोळ्या डॉक्टर सांगतील तोवर.

सर्वांत कठीण पथ्य मात्र तपासणीचे. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँची बंद असतात. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोटारी घेऊन येणारी रो-रो बोट आहे. नाहीतर वडखळवरून रस्त्याने जायचे. घास उतरत असताना एक दिवस आणि एवढा खर्च कशाला, असे मनात येतेच. पण रुग्णाला सवय होते. अडकणेही हळूहळू अंगवळणी पडते. बेरियम पाजून एक, दोन आणि पाच मिनिटांनी काढलेली चित्रे मात्र अन्ननलिकेत किती साचले ते स्पष्ट दाखवतात. काहींना वर्षांनी पुन्हा फुगा घालून झडप रुंद करावी लागते. दीर्घकाळात कर्करोगाचा धोकाही इतरांहून अधिक असतो. दुर्बीण कधी घालायची ते डॉक्टर ठरवतात.

आमच्या सौभाग्यवतींनी कॅलेंडरच्या मागे चार प्रश्न लिहिले आहेत : अडकते का, उलटून येते का, छातीत दुखते का, वजन घटले का? डॉक्टर याच चार गोष्टींना शून्य ते तीन असे गुण देतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वजनकाटा निघतो आणि उत्तरे मी नव्हे, ती लिहिते. मी सगळ्यालाच ‘नाही’ म्हणेन, हे तिला पक्के ठाऊक आहे. अशा रुग्णाच्या घरी असा एक डोळा असावा. रात्रीचा खोकला रुग्णाला झोपेत कळत नाही, शेजारच्याला कळतो.