टाकी तपासली, पण जोडणीचे काय?

एलपीजीवर चालणाऱ्या गाडीची गॅस-टाकी दर 5 वर्षांनी तपासून घ्यावी लागते. तपासणी केंद्राला नागपूरच्या मुख्य विस्फोटक नियंत्रकांची मान्यता हवी. पण कामाचा खाडा टाळण्यासाठी काही व्यापारी बांधव टाकी नाक्यावरच्या मिस्त्रीकडूनच उतरवून घेतात. खरा धोका तिथेच आहे. हा गॅस हवेपेक्षा जड. गळाला की जमिनीलगत साचतो, एका ठिणगीने पेटतो. म्हणून जाणकार कारागीरच गाठा. काम मोकळ्या जागी, बॅटरीची तार सोडून, उरलेला गॅस आधी काढून घेऊनच व्हावे. बसवताना वॉशर नवे, पट्टे घट्ट. प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. टाकीवरचा क्रमांक दाखल्याशी जुळला, तरच मजुरी चुकती करावी. एक दिवसाची कमाई बुडेल, पण गाडी, माल आणि चालक सुखरूप राहतील.