पोळा आणि पिठोरी: एकाच अमावस्येचे दोन मान

श्रावण अमावस्या जवळ आली की हिंगोलीतल्या शेतकरी घरात बैल घरचा माणूस होतो. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी: जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांवर तूप-हळद चोळायची आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. हळदीला इथे काय तोटा! वसमतच्या हळदीला तर २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. पोळ्याला झूल, बाशिंग, पुरणपोळी.

त्याच दिवशी लेकरांसाठी पिठोरीचं व्रत. आई वाण डोक्यावर धरून, मागे न बघता विचारते, "अतीत कोण?" मागून लेकरू आपलं नाव सांगतं आणि वाण घेतं. मला तर बैलांच्या मिरवणुकीपेक्षा हेच जास्त आवडतं.

जिथे गोठा रिकामा झालाय, तिथे मातीचे बैल पुजतात. तुमच्याकडे खांद्याला तूप लावतात की लोणी? नक्की कळवा.