गॅस संपत नाही, गळतो

राष्ट्रीय महामार्ग 53 हजिऱ्याला सुरू होतो. इच्छापोर ओलांडून तो तापीवरच्या पुलावर चढतो, सुरतेच्या कडेने बारडोली, व्यारा, सोनगड करत नवापूरला महाराष्ट्रात शिरतो आणि साक्री, धुळे, जळगाव, भुसावळवरून नागपूरकडे निघून जातो. सुरतेत पोटासाठी आलेल्या हजारो खानदेशी घरांची ही गावाकडची वाट. मे महिना आला की लग्नांसाठी, सुट्टीसाठी गाड्या याच वाटेने भरभरून निघतात, आणि निघायच्या आधी गॅरेजपुढे एकच मागणी ऐकू येते : "भाऊ, एसी थंड मारत नाही. जरा गॅस भरून द्या."

तीन उन्हाळे मीही हेच केले. गाडी 2005 सालची. मार्चमध्ये गॅस भरायचा, मे संपेपर्यंत कशीबशी गार हवा घ्यायची, दिवाळीला पुन्हा कोमट वारा. चौथ्या वर्षी इच्छापोरच्या एका लहानशा गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्री पारोळ्याकडचे निघाले. माझी मागणी ऐकून त्यांनी सिलिंडरला हातही लावला नाही. म्हणाले, "भाऊ, गॅस काही पेट्रोल नाही जळून संपायला. गेला म्हणजे कुठून तरी गेलाय. आधी ते ठिकाण शोधू."

त्या एका वाक्यात या कामाचे सगळे शास्त्र आहे. एसीतला गॅस एका बंद फेऱ्यात फिरतो. कॉम्प्रेसर तो दाबतो, पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर टाकून त्याला द्रव करतो, ड्रायर त्यातला ओलावा शोषतो, एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून सुटताना तो एकदम गार होतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये गाडीतली उष्णता पिऊन पुन्हा वाफ होतो. या फेऱ्यात तो कुठेच खर्च होत नाही. लहान गाडीत तो जेमतेम चार-पाचशे ग्रॅम असतो आणि फेरा घट्ट असेल तर वर्षानुवर्षे पुरतो. वर्षाआड गॅस भरावा लागतो त्या गाडीला गळती आहे, असेच समजावे.

गळती शोधायची सुरुवात डोळ्यांनी होते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फेऱ्यात फिरते, आणि गॅस निसटतो तिथे त्या तेलाचा किंचित ओलावा मागे राहतो. हजिऱ्याच्या कारखान्यांकडे दिवसरात्र ट्रक धावतात. त्यांची धूळ या ओलाव्यावर बसते आणि काळपट, चिकट डाग तयार होतो. मिस्त्री बॅटरी घेऊन प्रत्येक नळीवर, प्रत्येक सांध्यावर तो डाग शोधत होते. एरवी ज्या धुळीला आपण शिव्या घालतो, ती इथे साक्षीदार होते.

जुन्या गाडीत गळायच्या जागा ठरलेल्या असतात. सांध्यांमधल्या रबरी ओ-रिंगा उष्णतेने कडक होतात, चपट्या होतात. इंजिनाच्या हादऱ्यांनी नळ्या घासल्या जातात. कॉम्प्रेसरच्या दांड्याचे सील तेलाने ओले राहिले तरच घट्ट बसते. थंडीचे चार महिने एसी लावलाच नाही तर ते कोरडे पडते. म्हणून हिवाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटे एसी चालवावा. कंडेन्सर सगळ्यांत पुढे असल्याने खडे त्यालाच लागतात. इच्छापोरला खंभातच्या आखातावरून येणारे खारे वारेही आहेत. मिठातले क्लोराइड ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर फोडून आत बारीक खड्डे पाडते. कूलिंग कॉइलचे दुखणे वेगळे. ती सतत ओली असते, ओल्या कॉइलवर पाला आणि माती साचते, आणि धातू आतल्या आत कुरतडला जातो. शेवटची जागा सगळ्यांत क्षुल्लक वाटणारी : गॅस भरायच्या तोंडातली पिन. मोटारसायकलच्या ट्यूबला असते तशीच ती असते. तिच्यावरचे प्लॅस्टिकचे टोपण हरवले की पिनेत कचरा जातो आणि तिथूनच गॅस झिरपू लागतो.

डोळ्यांनंतर गेज. इथे नवशिका हमखास फसतो. बंद गाडीत 30 अंशांना गेज सुमारे 97 पीएसआय दाखवते आणि माणूस म्हणतो, गॅस पुरेसा आहे. पण आत द्रवाचे थोडेसे थेंब असले तरी दाब तेवढाच राहतो, कारण तो तापमानावर ठरतो. किती गॅस उरला ते दाब सांगत नाही, ते वजनच सांगते.

व्हॅक्यूमही असाच फसवतो. पंपाने आतली हवा ओढून काढायची आणि काटा हलतो का ते पाहायचे, ही परीक्षा झटपट होते, म्हणून लोकप्रिय आहे. पण व्हॅक्यूममध्ये बाहेरची हवा आत ढकलली जाते, तीही पंधरा पीएसआयपेक्षा कमी जोराने. खरा गॅस आतून बाहेर ढकलतो, आणि भुसावळच्या 45 अंशांच्या उन्हात कंडेन्सरमधला दाब सव्वादोनशे पीएसआयच्या पुढे जातो. इच्छापोरच्या सकाळी व्हॅक्यूमला शांत राहिलेली ओ-रिंग खानदेशच्या दुपारी तोंड उघडते. म्हणून जाणता माणूस फेऱ्यात नायट्रोजन भरून दाब देतो आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावतो. ऑक्सिजन किंवा कॉम्प्रेसरची साधी हवा मात्र कधीच नाही; तेलाशी गाठ पडली तर दाबाखाली भडका उडू शकतो.

मोठ्या गळतीला फेस पुरतो. वर्षाकाठी काही ग्रॅमच निसटत असेल तर इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर लागतो. चांगले यंत्र वर्षाला चार ग्रॅमची गळतीही ओळखते. यंत्र विकत मिळते, पण ते चालवणारा हात तयार करावा लागतो. इंजिन बंद, पंखा बंद, खाऱ्या वाऱ्याकडचे शटर अर्धे खाली. मिस्त्रींनी डिटेक्टरची सोंड सेकंदाला इंच-दोन इंच इतक्या सावकाश, नळीला न टेकवता, सांध्यांच्या खालच्या बाजूने फिरवली. खालून का, तर गॅस हवेपेक्षा तिपटीहून जड असतो. तो खाली उतरतो. यंत्र वाजले की सोंड दूर नेऊन पुन्हा त्याच जागी आणायची. पेट्रोलची वाफ किंवा ब्रेक साफ करायचा फवाराही यंत्राला चकवतो, त्यामुळे एका आवाजावर निकाल द्यायचा नसतो.

माझ्या गाडीत यंत्र कंडेन्सरच्या सांध्यापाशी वाजले. तिथे काळा डागही होता, फेसही आला. मला वाटले, झाले. मिस्त्री म्हणाले, "पहिली सापडली की दुसरी लपते, भाऊ." त्यांनी ओ-रिंग बदलली, तपासापुरता थोडा गॅस भरला, ब्लोअर थोडा वेळ जोरात चालवून बंद केला, थोडे थांबले आणि गाडीखाली एसीचे पाणी ठिबकते त्या नळीच्या तोंडाशी सोंड धरली. यंत्र पुन्हा वाजले. कूलिंग कॉइलही गळत होती. तीन उन्हाळ्यांचा गॅस माझ्या पायांपाशीच निसटत होता. त्याला रंग नाही आणि नाकाला कळेल असा वासही नाही.

पूर्वीच्या मिस्त्रींकडे यासाठी हॅलाइड दिवा असे. त्याच्या निळ्या ज्योतीत तांब्याचा तुकडा तापवायचा. नळीतून ओढलेल्या हवेत क्लोरीनवाला गॅस असेल तर ज्योत हिरवी होई. त्या काळचा गॅस आर-12, आणि तो सुरतेतही बनत असे. शहराच्या दक्षिणेला भेस्तानला 'नवीन फ्लोरीन' कंपनीचा कारखाना 1967 मध्ये उभा राहिला, आणि तिच्या गॅसचे मॅफ्रॉन हे नाव मिस्त्रींच्या तोंडी बसले. आजच्या आर-134ए मध्ये क्लोरीन नाही, म्हणून तो दिवा आता मुका झाला आहे. मुका झाला तेही बरे. त्या ज्योतीत आर-12 पासून विषारी वायू तयार होत.

आर-12 गेला, तो जगातल्या सर्वांत मोठ्या गळतीच्या शोधामुळे. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी 1957 मध्ये अत्यंत संवेदनशील असा इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर तयार केला होता. 1971 मध्ये शॅकल्टन जहाज इंग्लंडहून अंटार्क्टिकाकडे निघाले, तेव्हा त्यांनी वाटेवरची हवा त्या यंत्राने तपासली. आर-12 चा भाऊबंद आर-11 त्यांना सगळीकडे सापडला. ज्या समुद्रावर एकही फ्रिज नव्हता तिथेही तो होता. हे आकडे पाहून रसायनशास्त्रज्ञ शेरवूड रोलंड यांना प्रश्न पडला, हा गॅस पुढे जातो कुठे? 1974 मध्ये त्यांनी आणि मारिओ मोलिना यांनी उत्तर दिले : तो वर चढतो, उन्हात फुटतो आणि त्यातले क्लोरीन ओझोन खाते. 1985 मध्ये अंटार्क्टिकावरचे ओझोनचे छिद्र दिसले, 16 सप्टेंबर 1987 ला असे गॅस आवरण्याचा मॉन्ट्रियल करार झाला, 1992 मध्ये भारत त्यात आला आणि 1 ऑगस्ट 2008 पासून आपल्याकडे या गॅसांचे उत्पादन थांबले. लव्हलॉक यांनी जगाला जे दाखवले तेच मिस्त्री मला बॉनेटखाली दाखवत होते : गेलेला गॅस कुठे तरी पोहोचलेला असतो.

आर-134ए ओझोन खात नाही, पण उष्णता धरून ठेवतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1430 पट तापवतो. म्हणजे माझ्या गाडीतला अर्धा किलो गॅस सुमारे 715 किलो कार्बन डायऑक्साइडएवढा. लिटरला पंधरा किलोमीटर देणारी पेट्रोलची गाडी तेवढा धूर साडेचार हजारांहून अधिक किलोमीटर धावून सोडते. न शोधता दरवर्षी गॅस भरणे म्हणजे गाडी उभी असताना तिला एवढे पळवणे आहे. आणि दुरुस्तीआधी उरलेला गॅस मशीनने ओढून न घेता हवेत सोडून देणे ही तर हाताने केलेली गळती आहे.

स्वस्त, बिनओळखीच्या सिलिंडरपासूनही दूर राहावे. 2011 मध्ये शीतकंटेनरांमध्ये आर-134ए म्हणून भरलेल्या भेसळीच्या गॅसात मिथाइल क्लोराइड होते. ॲल्युमिनियमशी त्याची प्रक्रिया होऊन स्फोट झाले आणि माणसे मेली.

माझ्या गाडीचा डॅशबोर्ड उतरला, कॉइल बदलली, ड्रायरही बदलला, कारण उघड्या पडलेल्या ड्रायरने ओलावा प्यायलेला असतो. पुन्हा नायट्रोजन, पुन्हा फेस. मग पाऊण तास व्हॅक्यूम. आता त्याचे काम आतले पाणी उकळवून बाहेर काढायचे. शेवटी काट्यावर मोजून गॅस भरला, बॉनेटखालच्या पट्टीवर कंपनीने लिहिला होता तेवढाच.

पैसे देऊन निघणार तोच मिस्त्रींनी थांबवले. गॅस भरायच्या दोन्ही तोंडांवर नवी टोपणे घट्ट बसवली आणि बॉनेटच्या आत एक कागद चिकटवला. त्यावर पेनाने तारीख आणि भरलेल्या गॅसचे ग्रॅम. "पुढच्या वर्षी कुणाकडेही जा, भाऊ. आधी हे वाचायला सांगा. आतला गॅस काढून मोजला की किती गेला ते कळेल, मग कुठून गेला ते शोधता येईल."

त्या मे महिन्यात आम्ही नवापूर ओलांडून धुळ्याला पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. हवा गारच होती. कागद अजून बॉनेटखाली आहे, शाई थोडी फिकटली आहे, आणि त्याच्याखाली दुसरी तारीख लिहायची वेळ अजून आलेली नाही.