काम कोणाकडे, कधीपासून?

माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात, कचारगडच्या गुहांकडे लाखो गोंड भाविक येतात. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातूनही येतात आणि धनेगावहून गड चढतात. पारी कुपार लिंगो यांनी लावून दिलेल्या व्यवस्थेत ७५० कुळं आहेत आणि प्रत्येक कुळाकडे एक झाड, एक प्राणी, एक पक्षी जपायला दिला आहे, असं ही परंपरा सांगते. जंगल ‘सगळ्यांनी’ राखायचं असं म्हणून ती थांबत नाही. कोणी काय राखायचं, तेही ठरवून देते.

संगणकावर कामं वाटताना नेमकी हीच गोष्ट निसटते. समजा, अशा यात्रेची कामं, म्हणजे पाण्याचे टँकर, वाहनतळ, औषधोपचार, ‘रेडमाइन’वर नोंदवली. २००६पासून मोफत मिळणारी ही मुक्त प्रणाली. काम उघडलं की ते आज कोणाकडे आहे ते दिसतं. पण सोमवार ते गुरुवार टँकर कोणाच्या नावावर होता? प्रत्येक बदलाचं जुनं आणि नवं मूल्य प्रणाली साठवते खरं. मात्र ते शोधायला एकेका कामाचा इतिहास वाचत बसावं लागतं.

इथे छोटं प्लगइन, म्हणजे रेडमाइनला जोडायची पुरवणी, उपयोगी पडतं. काम जतन होताच ते एवढंच पाहतं: नाव बदललं का? बदललं असेल, तर जुन्या नावापुढे शेवटची वेळ लिहून ती ओळ बंद करायची आणि नव्या नावाची ओळ उघडायची. जुनी ओळ पुसायची नाही. अशा ओळी जोडल्या की कामाचा सलग प्रवास समोर येतो आणि मधला बेवारस काळही उघडा पडतो. माझ्या मते सगळ्यात मोलाची माहिती तीच.

काम एका माणसाऐवजी गटाच्या नावावर टाकण्याची सोय रेडमाइनमध्ये आहे. ती जपून वापरावी. जॉन डार्ली आणि बिब लाटाने यांनी १९६८मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पलीकडच्या खोलीतल्या माणसाला झटका आल्याचा आवाज सहभागींना ऐकवला. आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटलं, त्यांपैकी ८५ टक्के जणांनी झटका संपण्याआधी मदतीसाठी धाव घेतली. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. माणसं निर्दय नव्हती. दुसरा कोणीतरी बघेल, असं त्यांना वाटलं असावं.

म्हणून प्लगइनमध्ये एक नियम हवाच: समोरच्यानं ‘स्वीकारलं’ हे बटण दाबेपर्यंत काम आधीच्याच माणसाच्या नावावर राहील. सुटीवर जाताना काम नुसतं दुसऱ्याच्या नावावर ढकलून चालणार नाही.

या नोंदींतून माणसांवर पाळत ठेवण्याचा मोह होईल. एखाद्याकडे काम महिनाभर पडून असेल, तर आधी त्याच्याकडे एकूण कामं किती आहेत ते मोजा. आणि असं प्लगइन लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, पहिला अहवाल रेंगाळणाऱ्या माणसांचा काढू नका, ज्यांना वालीच नाही अशा कामांचा काढा.