रेंजफाइंडर कॅमेरा व अतिविस्तृत भिंग : क्षेत्रीय नोंदीतील उपयोग

प्रस्तावना : नाकाडोंगरी (ता. तुमसर, जि. भंडारा) हा मँगनीज पट्ट्यातील परिसर होय. याच तालुक्यात डोंगरी बुजुर्ग येथे ‘मॉयल’ची खुली खाण आहे. खाणीचा विस्तार असो वा मजुराच्या घरातील अरुंद खोली, दोहोंची नोंद घेण्यास सामान्य भिंग अपुरे पडते.

विवेचन : रेंजफाइंडरमध्ये आरसा नसल्यामुळे भिंग फिल्मच्या अगदी निकट बसविता येते, परिणामी ते लहान व हलके राहते. १९९९ मध्ये आलेल्या फोइग्टलेंडरच्या १५ मि.मी. भिंगाचा दृश्यकोन सुमारे ११० अंश आहे. कॅमेऱ्याच्या अंगच्या व्ह्यूफाइंडरमध्ये एवढे दृश्य मावत नाही. म्हणून वर स्वतंत्र व्ह्यूफाइंडर लावावा लागतो. छिद्र एफ/८ ठेवून अंतर १ मीटरवर स्थिर केल्यास साधारणतः अर्ध्या मीटरपासून अनंतापर्यंतचे दृश्य स्पष्ट येते. तथापि कॅमेरा कलल्यास उभ्या रेषा झुकतात, कडेचे चेहरे ताणले जातात व कोपरे काळवंडतात.

निष्कर्ष : ज्याच्या जीवनाची नोंद घ्यावयाची, त्याचाच चेहरा विद्रूप करणारे छायाचित्र विश्वसनीय पुरावा ठरू शकत नाही. यास्तव कॅमेरा समतल धरणे व माणसांना चौकटीच्या मध्यभागी स्थान देणे, ही अभ्यासकाची केवळ तांत्रिक नव्हे तर नैतिक जबाबदारीही ठरते.